तिसऱ्या रविवारचं सोनं

मी एक परात बोलतेय. तुमच्या स्वयंपाकघरात कणीक मळायला असते ना, जवळजवळ तशीच. फक्त माझ्यात पीठ कधी पडलं नाही. माझ्यात पडते नदीची वाळू, खडे, चिखल, आणि नशीब असलं तर तळाशी सोन्याचा एखादा कण.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे, डनेडिन शहरातल्या एका कारखान्यात पोलादी पत्रा दाबून मला घडवलं. दुकानात मी खिळ्यांच्या डब्यांशेजारी टांगलेली होते. दोघे भाऊ आले, मर्डो आणि एवन गिलीस. मर्डो तेव्हा तेवीस वर्षांचा, एवन त्याहून दोन वर्षांनी लहान. नाताळची, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्याची सुट्टी होती आणि दोघांच्या डोक्यात सोनं शिरलं होतं.

घरी नेल्यावर एवनने मला सरळ आगीवर ठेवलं. मी घाबरले. पण त्याला कुणीतरी नीट सांगितलं होतं. नव्या परातीला कारखान्याचं तेल असतं, आणि तेल असलं की सोन्याचा बारीक कण तळाशी न बसता पाण्यावर तरंगत निघून जातो. जळून जळून मी निळी झाले. तो निळा रंग मला फार शोभायचा, असं एवन म्हणे.

तो उन्हाळा आम्ही डोंगरातल्या एका अरुंद ओढ्यावर काढला. पाणी इतकं गार की दोघांची बोटं लाल व्हायची. दुपारी चावऱ्या माश्यांना शिव्या घालत ते चीज घालून गुंडाळलेले, भाजलेले पावाचे रोल खायचे, आणि एवन लोण्याची बोटं तशीच मला लावायला गेला की मर्डो ओरडायचा, "आधी हात धू, गधड्या! सोनं पोहत जाईल!"

सुट्टी संपेपर्यंत एका इवल्याशा बाटलीत चिमूटभर सोनं जमलं. खडबडीत, टोकेरी दाणे. काहींना पांढऱ्या गारगोटीचा तुकडा अजून चिकटलेला.

पुढच्या वर्षी एवन आजारी पडला आणि वसंतात गेला. मर्डो त्या ओढ्यावर पुन्हा कधी फिरकला नाही.

त्यानंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी कशी काढली, ते सांगायला मला जड जातं. मेंढ्यांच्या शेडमध्ये माझ्यात नट-बोल्ट ठेवले. कुत्र्यांना पाणी दिलं. एकदा तर ट्रॅक्टरचं काळं तेल काढायला मला खाली सरकवलं. ज्या परातीला लोण्याचं बोट चालत नव्हतं, तिच्यात ट्रॅक्टरचं तेल! मर्डोला त्याचं काही वाटलं नसेल असं नाही. माझ्याकडे बघायचंच टाळत होता तो. त्याचं लग्न झालं नाही. बहुतेक वेळ मेंढ्या आणि कुत्रे, एवढंच बोलणं.

मग शेजारच्या घरात नोएलीन राहायला आली.

नोएलीन बासष्ट वर्षांची. जर्दाळूंच्या बागेत फळं निवडून खोक्यात भरायचं काम तिने तीस वर्षं केलं होतं. नवरा, बॅरी, आदल्या वर्षी गेला होता. मुलीचं नाव जोडी, ती ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. 'आई, इकडेच ये, तुझी खोली तयार आहे,' असा तिचा दर दोन दिवसांनी फोन. नोएलीनने मोठं घर विकून हे लहानसं भाड्याने घेतलं होतं, महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवते म्हणून.

एक दिवस ती मर्डोकडे शिडी मागायला आली आणि माझ्यापाशी थांबली. माझ्यात तेव्हा टिग नावाची कुत्री पाणी पीत होती.

"मर्डो, ही सोनं धुवायची परात ना?"

"कुत्रीची आहे."

"मला जन्मभर करून बघायचं होतं हे. बॅरी म्हणायचा, नदीत वाकून कंबर मोडायची असेल तर बागेतच मोड, पगार तरी मिळतो."

मर्डोने माझ्यातलं पाणी ओतून टाकलं. "घेऊन जा."

"आणि शिकवणार कोण? टिग?"

तो शिडी आणायला आत गेला. पण रविवारी सकाळी आठला त्याच्या शेडबाहेर मला पुन्हा एकदा आगीवर ठेवलेलं होतं, आणि मी पुन्हा निळी होत होते. म्हातारपणी असं काही नशिबात असेल असं मला वाटलं नव्हतं.

सरकारने लोकांना हौसेने सोनं धुवायला मोकळा ठेवलेला नदीचा एक तुकडा आमच्याकडे आहे. फावडं, परात, एवढंच चालतं. नोएलीन बॅरीचे मोठे गमबूट घालून पाण्यात उतरली आणि पहिल्याच परातीत तिने मला अशी हिसडली की निम्मी वाळू मर्डोच्या तोंडावर.

"सॅलड हलवतेयस का?" मर्डो डोळे पुसत म्हणाला. "पाण्याखाली धर. अशी, डावी-उजवी. सोनं जड असतं, त्याला खाली बसायला वेळ दे. आता पुढे थोडी कलती कर. वरचं हलकं पाण्याला नेऊ दे. तू ढकलू नकोस, पाणी नेईल."

"आणि सोनंही नेलं तर?"

"घाई केलीस तर नेईलच."

तो तिला नदी वाचायला शिकवत होता. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंद होतं, तिथे खण. मोठ्या दगडाच्या मागे खण. खडकाच्या भेगा खरवड, शेवाळाची मुळं धू. ती सगळं करत होती. संध्याकाळी परातीत उरली काळी रेती. फक्त काळी रेती.

दुसऱ्या रविवारीही तेच.

तिसऱ्या रविवारी पाऊस भुरभुरत होता. सातवी परात अर्धी धुऊन तिने मला काठावर ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. नदीकडे नाही, वर रस्त्यावर उभ्या गाडीकडे बघत. "चहा आणते," म्हणाली. आवाजात काही राम नव्हता.

ती चढ चढून गेली. मर्डोने बंडीच्या आतल्या खिशातून ती इवलीशी बाटली काढली. इतक्या वर्षांनी मी ती पाहिली, आणि ओळखली. त्याने तीन दाणे तळहातावर घेतले, क्षणभर पाहिले आणि माझ्यातल्या काळ्या रेतीत दाबले. एवनचे दाणे.

मला सबंध तोंडच तोंड आहे, पण बोलता येत नाही.

नोएलीन आली, चहा प्यायली, वाकली आणि मला हलवू लागली. रेती सरकली. मग तिने अशी किंकाळी फोडली की टिग भुंकत पाण्यात पडली.

"मर्डो! मर्डो, बघ! तीन! तीन आहेत!"

"हं," मर्डो म्हणाला. "बरे आहेत."

"बरे? अरे, बरे काय! म्हाताऱ्या माणसा, नाच जरा!"

परतताना टेकडीवर, जिथे फोनला रेंज येते तिथे, तिने गाडी थांबवली. मी शेजारच्या सीटवर होते, मर्डो त्याच्या गाडीने पुढे गेला होता. ती म्हणाली, "जोडी, मी येत नाहीये. नाही, बरी आहे मी. खूप बरी आहे. आज नदीने मला राहा म्हणून सांगितलंय." ती रडत होती आणि हसत होती.

तो सगळा शरद आम्ही नदीवर होतो. नोएलीन आता घाई करत नव्हती. तिला खरंच सोनं मिळू लागलं. एका रविवारी एक कण, एखाद्या रविवारी तीन. ते पाहून मर्डोचा चेहरा जरा सैल व्हायचा. दोघं एकमेकांना टोचून बोलायचे, एकाच थर्मासमधला चहा प्यायचे. मला वाटलं, जाऊ दे, ते तीन दाणे आता कुणाच्या लक्षात राहणार.

मे महिन्यात एकदा दिवसभर पाऊस होता. मी नोएलीनच्या चुलीवर सुकत होते. तिने सगळं सोनं पांढऱ्या बशीत ओतलं आणि भिंग घेऊन बसली. बराच वेळ बसली. मग सुईच्या टोकाने तीन दाणे बाजूला काढले, आणि हसरा चेहरा हळूहळू उतरला.

ती मला काखेत मारून भर पावसात मर्डोच्या दारात गेली.

"हे तीन दाणे कुठले?"

"नदीचे," मर्डो म्हणाला.

"कुठल्या नदीचे? आपल्या नदीचं सोनं लांबून घासत येतं. माशाच्या खवल्यासारखं चपटं होतं. ह्यांना टोकं आहेत, गारगोटी चिकटलीय. हे सोनं कुठेही वाहत आलेलं नाही. तूच शिकवलंस मला."

"चांगली शिकलीस."

"हसू नकोस, मर्डो."

तो हसत नव्हताच. खुर्चीवर बसला आणि एवनचं नाव घेतलं. ओढा, तो उन्हाळा, बाटली, सगळं त्याने पाच-सहा वाक्यांत सांगितलं. त्याच्या तोंडून एवनचं नाव मीही कित्येक वर्षांनी ऐकलं.

नोएलीनचे डोळे भरले, पण राग गेला नाही. "ह्या तीन दाण्यांवर मी माझ्या मुलीला नाही म्हटलं."

"ते मला माहीत नव्हतं."

"विचारलंस कधी?"

"तुझी परात दोन रविवार रिकामी. तिसऱ्या रविवारी तू गाडीकडेच बघत होतीस. मला वाटलं, गेली ही."

"मग 'जाऊ नकोस' म्हणायचं होतंस! तोंड दिलंय ना देवाने तुला?"

तिने दाणे टेबलावर ठेवले. त्यांच्या शेजारी मला ठेवलं. आणि निघून गेली. त्याच आठवड्यात ती ब्रिस्बेनच्या विमानात बसली.

हिवाळा मोठा गेला. मर्डोने मला भिंतीवर खिळ्याला टांगलं. नट-बोल्ट ठेवले नाहीत, कुत्रीला पाणी दिलं नाही. रविवारी आठ वाजता तो शेडमध्ये यायचा, गमबुटांकडे बघायचा आणि परत जायचा. तीन दाणे त्याने पुन्हा बाटलीत घातले होते, पण बाटली आता खिशात नसायची. खिडकीत, उजेडात ठेवलेली असायची.

कोकरं जन्मायला लागली त्या सुमारास एक दिवस दार वाजलं. नोएलीन उभी होती. नाकाची साल ब्रिस्बेनच्या उन्हाने निघालेली.

"परात दे."

"चहा ठेवू?"

"आधी परात."

ती एकटीच नदीवर गेली. बर्फाचं पाणी उतरलेलं, नदी फुगलेली. तिची बोटं बधिर होत होती, मला कळत होतं. एक परात, दोन, पाच. दहावीही रिकामी गेली. अकरावीत, अगदी शेवटच्या वळशात, काळ्या रेतीच्या कडेला तिळाहून लहान एक पिवळा ठिपका थांबला. ती ओरडली नाही. ओल्या दगडावर मला मांडीवर घेऊन बसून राहिली.

परत आल्यावर तिने मर्डोसमोर तिची स्वतःची बाटली धरली. "बघ."

त्याने भिंग लावलं. "चपटं आहे."

"आहेच. आता ऐक. जोडीकडे चांगले तीन महिने राहिले. पोरगी सोन्यासारखी आहे, नातवंडं गोड आहेत. पण रविवार आला की सगळे मिळून मोठ्या दुकानात जातात आणि मी बाकावर बसून पिशव्या सांभाळते. तिला समोर बसवून सांगितलं की मला माझ्या घरी जायचंय. रडली, मग तिकीट तिनेच काढलं. तेव्हा मी आलेय ती माझ्या मर्जीने. तुझ्या दाण्यांचा त्यात काही हात नाही. उगाच चढून बसू नकोस."

मर्डोने भिंग खाली ठेवलं. त्या माणसाला मेंढ्यांवर ओरडताना मी अर्धं आयुष्य ऐकलंय, पण हे वाक्य त्याला मोठ्या कष्टाने आलं.

"जाऊ नकोस, नोएलीन."

"आत्ताच तर आलेय, वेड्या. चहा ठेव आता."

त्याला आता दोन वर्षं झाली. गेल्या शरदात मर्डो मेंढ्यांच्या कुंपणात पडला आणि कंबरेचं हाड मोडलं. काठी घेऊन अंगणात चालतो, पण नदीचे दगड त्याला जमत नाहीत. म्हणून अंगणात पत्र्याचा जुना न्हाणीचा टब ठेवलाय, पाण्याने भरलेला. नोएलीन रविवारी नदीवर जाते, वळणाच्या आतून बादलीभर वाळू खणते, चढ चढून आणते आणि त्याच्यासमोर ठेवते.

मागच्या रविवारी त्याने बादलीत डोकावून पाहिलं. "ह्यात काही टाकलंयस?"

"खडे आणि चिखल. आणि माझ्या कंबरेचा जीव."

त्याने मला पाण्याखाली धरलं. डावी-उजवी, सावकाश. अख्खी बादली धुतली. ती शेजारी खुर्चीवर बसून चीजचा रोल खात होती. शेवटी काळी रेती उरली. त्याने ती पसरून पाहिली, उन्हात कलती करून पाहिली.

"काही नाही," तो म्हणाला. मग हसायलाच लागला, खांदे हलवून हलवून. "एक कण नाही गं! एकसुद्धा नाही!"

"मग नदीशी भांड."

"पुढच्या वेळी त्या फुटक्या दगडाच्या मागून आण."

"आणते, आणते. हुकूम सोडायला काय जातंय तुझं."

माझा निळा रंग आता काठाकडून गेलाय, तिथे तांबूस गंज धरलाय. एक पोचा आहे. सोनं मी आयुष्यात फार दिलेलं नाही, सगळं मिळून चहाच्या चमच्यात मावेल. तुमच्या कुणाच्या शेडमध्ये माझ्यासारखी एखादी नट-बोल्ट सांभाळत पडली असेल तर तिला बाहेर काढा. तेल नीट जाळा. नदीवर न्या, आणि कुणाला तरी सोबत न्या. पहिले काही रविवार ती रिकामी राहील, त्याचा राग तिच्यावर काढू नका.

गाडी वळली बघा. टिग उठली. बादली आज काठोकाठ दिसतेय आणि नोएलीन फाटकातूनच ओरडतेय, "मर्डो, हात धुतलेस का?"

येते मी. मला पाण्यात जायचंय.