वरची खोली

"ताई, तू बस इथंच. वर नुसत्या पायऱ्या आहेत, दुसरं काही नाही," असं म्हणत धाकटीने आपली पर्स ताईच्या मांडीवर ठेवली. भाचीने जॅकेट ठेवलं, पाण्याची बाटली ठेवली. धाकटीच्या नवऱ्याने छत्री बाकाला टेकवून उभी केली आणि तिघं जण घड्याळाच्या मनोऱ्यात शिरली. ताई बाकावर एकटी उरली. एकटी म्हणजे पर्स, जॅकेट, बाटली आणि ती छत्री धरून.

ताईला यात काही वावगं वाटत नसे. तळ्याकाठच्या या मुलखात ती धाकटीच्या कुटुंबाबरोबर दर उन्हाळ्यात येई आणि दर उन्हाळ्यात इथली बाकं बघून जाई. मनोरा, किल्ला, राजवाड्यातलं संग्रहालय, मुलांची बाग. कुठल्या फाटकापाशी सावली असते आणि कुठल्या बाकाचा खिळा कपड्यांना धरतो, हे तिला तोंडपाठ होतं. मुलं लहान होती तेव्हा बाबागाडी आणि ओले मोजे सांभाळायला कुणीतरी लागायचं. मुलं मोठी झाली, बाबागाडी माळ्यावर गेली, ताईचं बाक मात्र कायम राहिलं. "मावशी म्हणजे आपली चालतीबोलती क्लोकरूम," असं भाचा म्हणायचा, तेव्हा सगळ्यांत आधी ताईच हसायची. माणूस आपलं सामान कुणाच्याही हाती देत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आज मात्र तिचं लक्ष सामानावर नव्हतं. धाकटीपाशी वरच्या खोलीचा विषय काढायचा होता. तसा विषय काढायचा म्हणजे काय, ठरलेलीच गोष्ट होती. "तू रिटायर झालीस ना ताई, की सरळ आमच्या वरच्या खोलीत यायचं. विचारायचं नाही." हे धाकटी वर्षानुवर्षं म्हणत आली होती, बहुतेक सुट्टी संपून गाडीत बसताना. आणि धाकटीने विचारायचं नाही म्हटल्यावर ताईने विचारलं नव्हतं. यंदाच्या उन्हाळ्यात ती रिटायर झाली आणि तिने आपली भाड्याची खोली सोडून टाकली.

ताई एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत जात होती. ताईने कॉलेज सोडून कानाला जे यंत्र लावलं, ते आत्ता कुठे काढलं. धाकटीचं शिक्षण त्या यंत्रावर झालं, लग्नही त्याच्यावरच झालं. ताईचं लग्न आज बघू, उद्या बघू करता करता राहून गेलं. पण तिचा आवाज! पलीकडे माणूस रडत असलं तरी ती "थांबा हं, जोडून देते" अशा सुरात म्हणायची, की रडणारं माणूस खरोखरच थांबायचं. तिचं स्वतःचं काय चाललंय, याचा पत्ता त्या आवाजाने कधी कुणाला लागू दिला नाही. वडील गेल्याचा फोनसुद्धा तिनेच घेतला होता. "बरं, धन्यवाद," म्हणाली, खोळंबलेला एक फोन जोडून दिला आणि मगच खुर्चीवरून उठली. आता तिच्या जागी एक यंत्र बसवलं होतं. ते लोकांना हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, असं सांगत असे.

खोली सोडताना घरमालकीणबाईंनी निरोपाचा चहा केला. शेजारणींनी मिळून एक मनगटी घड्याळ दिलं. "नशीब काढलंत हो," त्यांतली एक म्हणाली. "आमच्या बहिणी दोन दिवस लाड करतील आणि तिसऱ्या दिवशी बसचं वेळापत्रक हातात ठेवतील." सगळ्या हसल्या. ताईने भांडीकुंडी खोक्यांत भरली आणि खोकी जिन्याखाली रचली. सुट्टीवरून परस्पर बहिणीकडेच जायचं आणि खोकी मागाहून टेम्पोने मागवायची, असा बेत होता. त्यामुळे यंदा तिची बॅग चांगलीच जड होती. "ताई, मुक्काम लांबवायचा विचार दिसतोय!" धाकटीचा नवरा ती डिकीत चढवताना म्हणाला होता. सहलीचा सगळा कार्यक्रम त्याच्या मुठीत असे, म्हणून घरात त्याला कप्तान म्हणत.

"तुम्हाला कळेलच हो, कप्तान," असं म्हणून ताई गालातल्या गालात हसली होती.

एवढी मोठी आनंदाची गोष्ट सरळ तोंडाने सांगायला मात्र तिला लाज वाटत होती. मग तिने एक युक्ती काढली. पडद्यांचं कापड घ्यायचंच होतं. वरच्या खोलीच्या खिडकीचं माप विचारायचं, म्हणजे धाकटीला आपोआप कळेल.

आणि धाकटीही यंदा किती मायेने वागत होती! हॉटेलातली तळ्याकडची खोली तिने हट्टाने ताईला दिली. नाश्त्याला ताईच्या पावाला स्वतः लोणी लावलं. जुन्या गावातल्या बाजारात ताई नको नको म्हणत असताना एक लोकरी शाल घेतली आणि तिथल्या तिथे तिच्या खांद्यावर घातली. ताईला वाटलं, हिला सगळं कळलेलंच दिसतंय. आपणच वेड्यासारख्या तोंड मिटून बसलोय.

मनोऱ्यातून तिघं उतरली तेव्हा भाचीचा आवाज दारातूनच ऐकू आला. "आई, मावशीशी बोललीस का तू?"

"हळू बोल जरा. बोलणार आहे मी," धाकटी म्हणाली.

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आयुष्यभर लोकांची बोलणी कानाआड करण्याचाच तिचा धंदा होता. पण तिचा जीव सुपाएवढा झाला. म्हणजे धाकटी स्वतःच विषय काढणार होती.

दुपारी चौघं लाँचमध्ये बसली. कप्तान आणि भाची पुढे कठड्यापाशी उभी राहिली, दोघी बहिणी मागच्या बाकावर बसल्या. ऊन कोवळं नव्हतं, पण वारा होता. पलीकडच्या काठावर लाल कौलांचं गाव दिसत होतं. लाँचवरचा माणूस भोंग्यातून सांगत होता, की डावीकडच्या बेटावरचा महाल कुठल्याशा राजाने रुसलेल्या राणीसाठी बांधला. लोक फोटो काढायला डाव्या बाजूला धावले. धाकटीही तिकडेच बघत राहिली. शेवटी ताईनेच सुरुवात केली.

"वरच्या खोलीची खिडकी किती रुंद आहे गं?"

"कुठली खिडकी?"

"तुझ्या वरच्या खोलीची. रस्त्याकडची."

"का गं?"

"पडद्यांचं माप हवं होतं," ताई म्हणाली आणि हसली.

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्याची पाठ होती.

"ताई, घर विकलं गं आम्ही."

"विकलं म्हणजे?"

"विकलं. आम्ही मुलाकडे चाललोय, कायमचेच. त्यानं तिथं मोठं घर घेतलंय, बाळाला बघायला कुणी नाही. हिलाही तिकडेच कॉलेज मिळालं. हिवाळ्यापासून चाललंय हे सगळं. तुला फोनवर सांगायला जीभच रेटेना माझी. म्हटलं, तळ्यावर नेऊ ताईला, चार दिवस एकत्र राहू, मग सांगू. इथं आल्यापासून रोज सकाळी म्हणते, आज सांगते."

लाँच वळली आणि उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर आली. तिने डोळ्यांवर हात धरला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"बरं झालं की गं," ती म्हणाली. "नातवापाशी राहायला मिळेल."

"तुला राग नाही ना आला? मी इतकी वर्षं तुला ये ये म्हणत होते..."

"अगं, बोलण्यात येतं माणसाच्या."

"मला एकच धीर होता बघ, की तुला तुझी खोली आहे. यांनाही मी तेच म्हटलं. ताईची काळजी नाही, तिची घरमालकीण चांगली, शेजार चांगला. तिला तिचं घर सोडून आमच्याकडे करमलंही नसतं. हो ना गं?"

आता सांगायचं म्हटलं तर ताईला दोन वाक्यं पुरली असती. दोन्ही तिच्या ओठांवर आली होती. धाकटी तिच्याकडे बघत होती. लहानपणी शाळेची फी भरायची राहिली की बघायची, तशी. आता ताई काहीतरी करील, म्हणून.

"छे गं," ताई म्हणाली. "मला कुठं करमणार होतं तिथं."

"मग पडदे कशाला?"

"माझ्याच खोलीला. म्हटलं, तुझ्या नि माझ्या खिडकीचं माप एकच असेल."

ताईच्या खोलीची खिडकी वीतभर होती आणि धाकटीने ती कितीदा तरी पाहिली होती. बहीण खोटं बोलली तर बहिणीला कळतं. धाकटीलाही कळलं असेल. पण तिने पुढे विचारलं नाही. तिने ताईचा हात हातात घेतला आणि डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी हमसून हमसून रडायला लागली. ताईला तिचा राग आला. जन्मात आला नव्हता एवढा राग आला. आणि तरी तिचा हात धाकटीच्या पाठीवरून फिरतच राहिला. लहानपणापासून तिला असंच गप्प करायची सवय होती, ती हाताची सुटली नाही.

लाँच काठाला लागली तेव्हा ताईला सांगून झाल्याची बातमी कप्तानाला पोचली होती. त्याचा आवाज एकदम मोठा झाला. त्याने सगळ्यांना आइस्क्रीम घेतलं, ताईला दोन गोळे दिले, "आता चला, बागेतल्या गाडीत बसू," म्हणाला. मुलांच्या बागेत एक छोटी आगगाडी होती. ती तळ्याच्या कडेने फेऱ्या मारत असे आणि वळणावर शिट्टी देई. भाची मागे रेंगाळली आणि ताईच्या दंडाला बिलगून चालू लागली.

"मावशी, मी आईला केव्हाची सांगत होते, तुला आधी सांग म्हणून."

"माहितेय गं मला."

"तू पण चल ना गाडीत आज. डब्यात चौघं बसतात."

इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ताई पोरीसारखी पुढे पळाली असती.

"तुम्ही व्हा पुढं. मला एक फोन करायचाय," ती म्हणाली.

ती रुळांपासून जरा बाजूला, झाडाखाली जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने मनात नीट जुळवलं. बाई, माझा बेत बदलला. खोली अजून रिकामी असेल तर मी परत येते. एवढंच. यात लाजायचं काही नव्हतं. तिने फोन लावला.

"अगंबाई, तुम्ही!" घरमालकीणबाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "शंभर वर्षं आयुष्य आहे बघा तुम्हाला. आत्ता तुमचंच नाव काढलं होतं. नवे भाडेकरू आले हो काल! नवराबायको आहेत, नुकतंच लग्न झालंय. कपाटबिपाट सगळं लावून झालं त्यांचं. तुम्ही खोली इतकी स्वच्छ ठेवलेली, की ती पोरगी म्हणाली, इथं कुणी राहत होतं असं वाटतच नाही."

ताईने झाडाच्या बुंध्याला हात टेकला.

"हॅलो? ऐकू येतंय ना? काय काम काढलंत?"

"काही नाही हो, सहज केला," ताई म्हणाली. आवाज स्वच्छ होता, हसरा होता. तो कुठून आला तिलाही कळलं नाही. "सगळं छान चाललंय, एवढंच सांगायचं होतं."

"आणि बहिणीचं घर? सुट्टीवरून पोचलात वाटतं तिकडं? तुमची खोली कशी आहे, सांगा तरी! आम्ही सगळ्या वाट बघतोय ऐकायची."

समोरून छोटी गाडी आली. पहिल्या डब्यात धाकटी, तिचा नवरा आणि भाची गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. धाकटीचे डोळे अजून लाल होते, पण ती हसत होती आणि दोन्ही हात वर करून ताईला हलवून दाखवत होती. ताईनेही हात हलवला.

"वर आहे," ती म्हणाली. "रस्त्याकडे मोठी खिडकी आहे. सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. शेजारी एक गच्चीसुद्धा आहे, कपडे वाळत घालायला."

"अय्या! नशीबवान बाई तुम्ही. बरं, टेम्पो कधी पाठवताय? त्या पोराला जिन्याखाली सायकल ठेवायचीय, म्हणून विचारलं."

गाडी वळणावर गेली. शिट्टी झाली. ताई तिची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"खोकी थोडे दिवस राहू द्याल का तिथंच?" ती म्हणाली. "खोलीला रंग द्यायला काढलाय धाकटीनं. ओला आहे अजून."

"राहू देत की! पण रंग काय, दोन दिवसांत वाळेल."

"मोठी आहे हो खोली," ताई म्हणाली. "वेळ लागेल."