कालव्याचं वरचं दार

आमच्या घरात चीनचा कालवा शिरला तो शर्वाणीमुळे. माझी लेक, वय नऊ. दुबईत अल मनखूलला भरणाऱ्या शनिवारच्या मराठी वर्गात प्रत्येक मुलाने एखाद्या नदीची नाहीतर कालव्याची गोष्ट मराठीतून सांगायची होती. बाकीच्यांनी गोदावरी, कृष्णा अशा शहाण्यासारख्या नद्या घेतल्या. आमच्या बाईसाहेबांनी घेतला हांगचौपासून बीजिंगपर्यंत माणसांनी खणलेला महाकालवा.

"अगं, जरा जवळचं काहीतरी घे की," मी म्हटलं.

"मम्मा, इट क्लाइंब्स अ हिल!"

कालवा म्हणे टेकडी चढतो! मी हसले. माझा नवरा रणजित मात्र हसला नाही. तो अबू धाबीजवळ मुसफ्फात टाक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. आठवडाभर तिकडेच राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी शारजाला, अल मजाजच्या घरी येतो. सुट्टीच्या दिवसांत बापलेकीने बसून ॲक्रिलिकचं मॉडेल केलं. पाण्याची एक पेटी खाली, एक वर आणि मध्ये सरकत्या दारांची खोली. होडी खालून खोलीत येते. मागचं दार लावायचं, मग वरचं दार जरासं उचलायचं. वरचं पाणी हळूहळू आत भरतं आणि होडी आपोआप वर येते. अशा पायऱ्या चढत चढत होडी टेकडीवर जाते. हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचलं! त्या माणसाला घरी बोलवून पुरणपोळी वाढावी असं मला अगदी मनापासून वाटलं.

आता माझा स्वभाव सांगते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, आमच्याकडे ते बाशिंग माझ्या गुडघ्याला. पहिल्याच ट्रायलला मी "यल्ला, चला, खलास करा आता" म्हणत दोन्ही दारं एकदम उचलली. वरचं सगळं पाणी धाडकन खाली आलं, होडी उलटली आणि तिच्यात भरलेला आंबेमोहोर गालिचाभर झाला.

शर्वाणीने तिथेच निकाल दिला, "यू आर बॅन्ड, मम्मा. ओन्ली पप्पा विल डू द गेट्स."

आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पप्पांनाच वर्कशॉपमधून फोन आला. टाकी ट्रेलरवर चढवायची होती, क्लायंट दारात उभा होता. "दुपारी डायरेक्ट हॉलवर येतो, प्रॉमिस," म्हणून तो निघाला. स्पोर्ट्स डेलाही तो असाच येणार होता. शर्वाणीने रडारड केली असती तर बरं वाटलं असतं. ती एकटीच होडीत तांदूळ भरत बसली, ते मला जास्त लागलं.

हॉलमध्ये सगळ्या नद्या वाहून झाल्या. राहिला फक्त आमचा कालवा. रणजितला फोन केला तर म्हणे, "निघालोय गं, रोडवर ट्रॅफिक आहे." वर्ग चालवणारे भानुदासकाका घड्याळ बघत आले.

"वहिनी, वॉचमन चावी मागतोय. यल्ला, आपण वाइंड अप करू. दार मी उचलतो."

"नको काका," शर्वाणी म्हणाली. "होडी थांबेल."

"अगं, लोक कंटाळतील ना," मी दातओठ खात कुजबुजले.

"चीनमधले लोक पण थांबायचे," ती मोठ्याने म्हणाली, आणि मराठीतच सुरू झाली.

दारापाशी होड्यांची ही मोठी लाइन लागायची, तिने सांगितलं. दक्षिणेचा तांदूळ उत्तरेला राजाकडे न्यायचा असायचा. ही दारं नव्हती तेव्हा होड्या दोरांनी उतारावरून ओढायचे. मग होड्या तुटायच्या आणि चोर तांदूळ पळवायचे. होडीवरच घर, होडीवरच चूल. बाळ पाण्यात पडलं तर तरंगायला पाहिजे म्हणून त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधायचे.

"पण थांबून थांबून बोअर नाही व्हायचं?" समोरच्या शौर्यने विचारलं.

"नाही ना! लोक थांबले की कुणीतरी चहा विकायचा, कुणी मोमोसारखं काहीतरी विकायचा. केस कापणारा यायचा. देऊळ झालं, नाटक झालं. लोक थांबले म्हणून तिथे मोठी मोठी गावं झाली."

घरात एक वाक्य सरळ मराठीत न बोलणारी माझी पोरगी! माझा ऊर भरून आला, आणि हे तिला येतं हे आपल्याला माहीतच नव्हतं याची लाजही वाटली.

आजूबाजूला पाहिलं तर कुणी उठलेलं नव्हतं. उलट खुर्च्या ओढून मंडळी टेबलाभोवती आली होती. माझ्या कोथिंबीरवड्यांचा ट्रे फिरत होता. दोन बायकांना आपण दोघी कऱ्हाडच्या असल्याचा शोध लागला होता. चावी मागायला आलेला वॉचमन चहाचा कप घेऊन होडीकडे बघत उभा होता. आमच्याही दारापाशी गाव वसलं होतं.

तेवढ्यात रणजित आला. अंगात वर्कशॉपचाच कव्हरऑल, हातावर काळे डाग. "सॉरी, सॉरी," करत तो गर्दीतून थेट टेबलाशी पोचला आणि त्याने वरच्या दाराला हात घातला. त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजला. वर्कशॉपच असणार.

"पप्पा," शर्वाणी म्हणाली, "आधी मागचं दार लाव."

त्याने पाहिलं, मागचं दार उघडंच होतं. फोन वाजतच होता. त्याने तो बाहेर काढला, बंद केला आणि टेबलावर उलटा ठेवला. मग मागचं दार नीट खाली दाबलं आणि वरचं हलक्या हाताने जरासं उचललं.

पाणी चढू लागलं. 'यल्ला' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. तांदळाची होडी तिच्या वेळेने, अजिबात न डुगडुगता वर आली. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता.

शर्वाणी तेवढी पप्पांकडे बघत होती.