कोऱ्या कागदावरची सही

आमच्या बँकेत दर जानेवारीत युनियनचे पाच कोरे कागद शाखेत फिरायचे. खाली सगळ्यांच्या सह्या, वर सगळं रिकामं. एखादं निवेदन तातडीनं पाठवायचं झालं तर सह्यांसाठी लोकांच्या मागे धावायला नको, म्हणून ही सोय. लखनऊच्या आमच्या शाखेत ते कागद फिरवायचं काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता. साताऱ्याहून आलेला मी साधा कॅशियर. पण युनियनचे सेक्रेटरी गोपीनाथजी भर सभेत 'हमारे नरेंद्र भाई' म्हणाले की माझी छाती फुगायची.

त्र्याण्णव साली हरिहर शुक्लनं सही द्यायचं नाकारलं. हरिहर माझ्या शेजारच्या काउंटरवरचा, तेलीबागेत घरही शेजारी. पंधरा वर्षांत आमच्या दोघांच्या डब्यातली भाजी कधी वेगळी राहिली नव्हती. आधी लिहा, मी वाचेन, पटलं तर सही करेन, एवढंच तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा माणूस झालास, असं मी त्याला चारचौघांत सुनावलं. पुढच्या सभेत तर त्यानं उभं राहून विचारलं, की कॉम्प्युटर आणायच्या करारावर सभासदांना न विचारता युनियनची सही कशी झाली? गोपीनाथजी नुसते हसले. ओरडून त्याला खाली बसवलं ते मी. आज आठवलं की स्वतःचीच किळस येते.

दोन महिन्यांनी हरिहरला चार्जशीट मिळालं. तो दारू पिऊन कामावर येतो, सहकाऱ्यांना शिवीगाळ करतो, अशी अकरा जणांची लेखी तक्रार होती. पानसुद्धा न खाणारा माणूस हो तो! त्यानं तक्रारीची प्रत माझ्यापुढे ठेवली. तिसरी सही माझी होती. वरचा मजकूर मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.  संध्याकाळी त्याच्या बायकोनं, कांचनभाभींनी, घरी येऊन माझ्या बायकोला, हेमाला, विनवलं की चौकशीत भाईसाहेबांनी खरं तेवढं सांगावं.

मी गोपीनाथजींकडे धावलो. काहीतरी गफलत झाली असेल, ते तक्रार मागे घेतील, अशी माझी भाबडी खात्री. त्यांनी मला चहा पाजला. कागद कोरा होता म्हणालात तर युनियनचं वीस वर्षांतलं प्रत्येक निवेदन खोटं ठरेल, म्हणाले. शिवाय कागद फिरवत कोण होतं, तेही विचारलं जाईल. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"संगठन बड़ा है कि एक आदमी?"

हेमाला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना काय वाटतं ते ऐकलं. तुम्हाला काय वाटतं?"

 इतकी वर्षं युनियनला जे वाटलं तेच मला वाटत आलं होतं. वेगळं काही वाटून घ्यायची सवयच उरली नव्हती.

चौकशी अधिकाऱ्यांनी तक्रार माझ्या हातात दिली, सावकाश वाचा म्हणाले. मी वाचली. सही तुमची का? हो. मजकुराबद्दल काही सांगायचंय? हरिहर समोरच्या खुर्चीवर बसला होता. मी नाही म्हणालो.

हरिहरची बदली दूर सोनभद्रला झाली, दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. करारानंतर गोपीनाथजींना मुख्य कचेरीत स्वतंत्र खोली मिळाली आणि बँकेची मोटार दारात उभी राहू लागली. मी युनियन सोडली. त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही.

हरिहरला पोचवायला चारबाग स्टेशनवर मी एकटाच गेलो. त्याची ट्रंक डब्यात चढवली. गाडी सुटायला पाच मिनिटं उरली तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. तो कागद कोरा होता, मला काही माहीत नव्हतं, मी न वाचता सही केली, मला माफ कर, असं काहीबाही बोलत राहिलो आणि मला रडूच फुटलं.

त्यानं ट्रंक बाकाखाली सरकवली. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"बिना पढ़े दस्तख़त किया, वो तो हम कब का माफ़ कर चुके, नरेंद्र भाई. लेकिन उस दिन तो आपने पढ़ा था."