भाकर नसलेली अर्थवही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड लावलेली. वहीने आपली गोष्ट सांगावी की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. माझ्यात जे लिहिलं आहे ते सगळं दुसऱ्यांचं. पण एक चूक अशी होती, जी फक्त माझ्यातच होती. तिच्यामुळे धीर करून बोलते आहे.

माझा जन्म दुर्गमधल्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. त्याने माझी पानं जाड दोऱ्याने शिवली, खळ लावली आणि दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवली. माझ्या बहिणी शाळांमध्ये गेल्या. मी गेले भिलाईला, स्मृतिनगरमध्ये, गुलाबरावांच्या घरी. छत्तीसगढ राज्य तेव्हा नवंनवं होतं. गुलाबराव मूळचे भंडाऱ्याकडचे. स्टील प्लांटमध्ये फोरमन होते. कामावर त्यांचा आवाज मोठा असेल, पण घरी ते फार हळू बोलत.

त्यांच्या पुढच्या खोलीत दर रविवारी वीस-पंचवीस माणसं जमत. ही माणसं ख्रिस्ती होती, पण इतर ख्रिस्ती लोकांपेक्षा थोडी निराळी. ती स्वतःला अंतरार्थ मंडळी म्हणवत. शास्त्रात ज्या ज्या वस्तूचं नाव येतं तिला एक बाहेरचा अर्थ असतो आणि एक आतला, अशी त्यांची श्रद्धा होती. हेमराज गुरुजी नावाच्या एका शाळामास्तरांनी हे आतले अर्थ आयुष्यभर शोधले आणि एका पातळ वहीत अक्षरांच्या क्रमाने लिहून ठेवले. गुरुजी वारले. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्या वहीवर कूलरचं पाणी सांडलं. वही फुगली, वाळली, पापडासारखी कडक झाली. ती आणखी बिघडण्याआधी उतरवून घ्यावी, म्हणून गुलाबरावांनी मला आणलं.

ते दिवस मी विसरणार नाही. कामावरून आल्यावर गुलाबराव चहा पीत आणि माझ्यात लिहायला बसत. रोज नवे शब्द माझ्यात येत, आणि मला प्रत्येकाचं कुतूहल वाटे. अंजीर म्हणजे घरात कोणी पाहत नसताना केलेलं चांगलं काम. घोडा म्हणजे समज, जी माणसाला उचलून दूर नेते. तेल म्हणजे माया, कारण दिवा पेटण्याआधी ती भरलेली असावी लागते. दगड म्हणजे कळलेलं पण अजून जगून न पाहिलेलं सत्य. मीठ म्हणजे दोन गोष्टींना एकमेकींत मिसळण्याची ओढ. हे सगळं खरंच असं असेल का? मला ठाऊक नाही. पण त्या दिवसांपासून मी खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे पाहून विचार करू लागले, हिच्या आत काय असेल?

मंडळीची एक रीत होती. मंडळीत येणाऱ्या प्रत्येकाने आपला एक शब्द निवडायचा. शब्द असा, की ज्या वस्तूला त्याचे हात रोज लागतात. तो माणूस वारला की त्याच्या कबरीशी त्याच्या शब्दाचा आतला अर्थ वाचायचा. माझ्या शेवटच्या पानांवर ही नावं आहेत. गुलाबरावांचा शब्द लोखंड. मथुराबाईंचा मीठ, कारण मंडळीचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. आणि मथुराबाईंचे पती फकिरा यांचा शब्द भट्टी. ते ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर कामाला होते. हा शब्द त्यांनी गुरुजी हयात असताना, गुरुजींच्याच तोंडून घेतला होता.

माझं फार कौतुक झालं. मला पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवत. हात धुतल्याशिवाय कोणी मला उघडत नसे. एकदा मात्र अंजनाबाई नावाच्या म्हातारीने विचारलं, "गुलाबराव, आपुन दर आइतवारी प्रार्थनेत भाकर मोडून वाटतो. मंग वहीत भाकरीचा अर्थ कावून नाही?"

गुलाबराव गडबडले. म्हणाले, "गुरुजीनं लिहिला नसंन. भाकर त सगळ्यायलेच ठाऊक आहे."

लोक हसले आणि विषय संपला. मला मात्र तो प्रश्न टोचत राहिला. अंजीर आहे, मीठ आहे, दगडासारख्या क्षुल्लक गोष्टीचासुद्धा अर्थ आहे, मग भाकर कशी नाही? पण वहीला विचारता येत नाही.

बारा वर्षांपूर्वी फकिराभाऊ आजारपणाने गेले. कबरस्तानात सगळी मंडळी उभी होती. गुलाबरावांनी मला उघडलं आणि वाचलं, "भट्टी. म्हणजे परीक्षा. जो भट्टीत उभा राहतो, तो वाऱ्यावर उडून जातो. मागे त्याची खूणही राहत नाही."

मथुराबाई पुढे आल्या.

"हे नाही," त्या म्हणाल्या. "माह्या मानसानं मले वेगळं सांगतलं होतं. गुरुजीनं त्यायले सांगतलं का भट्टीत तू एकटा नसतोस म्हनून. नाइट ड्यूटीले जाताना ते दर खेपेस म्हनत, मी एकटा नाही वो तिथं, तू झोप."

"वहिनी, वहीत हेच आहे," गुलाबराव म्हणाले. "मी एक एक अक्षर उतरवलं आहे."

"मंग माहा मानूस खोटं बोलला का?"

कोणीतरी हळूच म्हणालं, बाई दुःखात आहे, तिला आठवत नसेल. मथुराबाईंनी ते ऐकलं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "गुलाबरावभाऊ, माहं नाव काटून टाका वहीतून. मी मेली त माह्यावर काही वाचू नका."

नाव कोणी काटलं नाही, पण मथुराबाई पुन्हा आल्या नाहीत. दुर्गमध्ये पद्मनाभपुरला मुलीकडे राहायला गेल्या. स्वयंपाकघरात दुसऱ्या बायका आल्या. हळूहळू मंडळी कमी झाली. मुलं हिंदीत प्रार्थना करू लागली आणि माझी अक्षरं त्यांना जड वाटू लागली. माझा रुमाल पिवळा पडला. कपाटात माझ्यावर आधी एक जुना टॉर्च आला, मग औषधांच्या चिठ्ठ्या आल्या.

मागच्या वर्षी मंडळी चालवणाऱ्या अमरदीपने ठरवलं, की वही टाइप करून छापायची. हे काम गुलाबरावांच्या नातीने, निशाने घेतलं. निशा रसमड्याच्या एका कारखान्यात नमुने तपासते. एकाच मालाचे दोन नमुने समोर ठेवल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नाही. तिने मला उघडलं आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "आबाजी, ओरिजिनल किधर है?"

"कशाले पायजे? मी जसंच्या तसं उतरवलं."

"फिर भी. मिलाना तो पडेगा न."

गुलाबरावांनी लोखंडी पेटीतून गुरुजींची वही काढली. दुपारच्या उजेडात आम्ही दोघी शेजारी शेजारी उघड्या पडलो. मी माझ्या आईला इतक्या वर्षांनी पाहत होते. निशा एक ओळ तिच्यात वाचे, एक माझ्यात. भ अक्षरापाशी ती थांबली. तिने एक पान चिमटीत धरून चोळलं, पुन्हा चोळलं.

"आबाजी, हे एक पान नाहीये. दो है. चिपके हुए."

तिने गरम पाण्याच्या भांड्यावर ती पानं वाफेवर धरली आणि पोस्टकार्डाची कड आत सरकवली. पानं हळूहळू सुटली. आतली दोन्ही पानं कूलरचं पाणी सांडल्यापासून कोणी वाचलीच नव्हती. भट्टीची ओळ तिथे पुढे जात होती. "जो भट्टीत उभा राहतो, तो एकटा नसतो. शास्त्रातल्या राजाने तिघांना भट्टीत टाकलं, पाहणाऱ्याला आत चौघे दिसले. तो चौथा जोडीदार प्रत्येक भट्टीत असतो." त्याखाली भाकर होती. चांगली पाऊण पानभर भाकर! मग भिंत होती. मग भुसा सुरू होत होता, म्हणजे मनाविना केलेलं काम. आणि भुशाची ओळ पान उलटून पुढे जाई, "तो वाऱ्यावर उडून जातो. मागे त्याची खूणही राहत नाही."

पानं चिकटलेली असताना गुलाबरावांनी एक म्हणून दोन उलटली होती. भट्टीच्या अर्ध्या वाक्याला भुशाचं अर्धं वाक्य जोडलं गेलं होतं. वाक्य इतकं सरळ जुळलं, की मथुराबाई सोडून कोणाला शंकाच आली नाही. मलाही नाही. मला ते अजून खातं.

संध्याकाळी अमरदीप आला. सगळं ऐकून म्हणाला, "अंकल, टेन्शन मत लो. टाइप करताना नीट करून टाकू. कोणाले कळून राहिलं?"

"मथुरावहिनीले कळंन," गुलाबराव म्हणाले.

"त्या तर येतच नाहीत न."

"म्हणूनच मले जावं लागंन. प्लांटमध्ये लॉगबुकातली नोंद खोडत नाही, अमरदीप. रेघ मारतात, खाली बरोबर लिहितात, तारीख घालतात, सही करतात. ज्यानं चुकवलं त्यानंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोन्ही वह्यांना पिशवीत घातलं आणि निशाच्या स्कूटीवर मागे बसून पद्मनाभपुरला आले. मथुराबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा होता.

"कोन? गुलाबरावभाऊ? आता आले? मले वाटलं माह्या मयतीलेच येता का काय!"

गुलाबराव उभेच राहिले. त्यांनी गुरुजींची वही मथुराबाईंच्या मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, चूक माही होती. फकिराभाऊ बरोबर होते."

त्यांनी वाचून दाखवलं. मथुराबाईंनी मेथीचे हात लुगड्याला पुसले आणि त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"चौघे दिसले," मथुराबाई म्हणाल्या. "हेच म्हनत होते ते. हेच." मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "भाऊ, तुमी मले खोटी ठरवली त्याचं काही नाही. पन अकरा वर्सं मीच त्यायले खोटं समजून राहिली होती. मले धीर द्यासाठी काही बी सांगत होते, असं वाटे मले. रोज त्यायच्या फोटोसमोर दिवा लावे न मनात म्हने, झुट्टे."

गुलाबराव रडत होते. मथुराबाईंनी त्यांना पाणी आणायला निशाला आत पाठवलं आणि मला ओढून घेतलं.

"कुठं हाय ते चुकलेलं? मारा रेघ. पन हलकी मारा, खालचं दिसू द्या. लोकायले कळलं पायजे."

माझ्या पानावर एक बारीक आडवी रेघ आली. तिच्याखाली खरा अर्थ आला, तारीख आली, आणि गुलाबरावांची सही.

पुढच्या रविवारी मंडळी कबरस्तानात गेली. मथुराबाई मुलीचा हात धरून आल्या. गुलाबरावांनी मला उघडलं आणि नेहमीच्या हळू आवाजात वाचायला लागले. मथुराबाईंनी त्यांना थांबवलं.

"मोठ्यानं वाचा न, भाऊ! फर्नेसच्या आवाजानं त्यायचे कान गेले होते."

गुलाबराव त्या दिवशी इतक्या मोठ्याने वाचत होते, की रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले.

मित्रांनो, वह्यांना जपा, त्यांना पाण्यापासून आणि वाळवीपासून दूर ठेवा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. एखादी म्हातारी बाई जर म्हणाली, की माझ्या माणसाने मला वेगळं सांगितलं होतं, तर वहीत काय आहे ते तिला दाखवण्याआधी, तो काय म्हणाला होता ते तिच्या तोंडून पूर्ण ऐकून घ्या. आम्ही वह्या बऱ्याच गोष्टी सांभाळतो, पण सगळ्याच सांभाळतो असं नाही.