सफरचंदाचा खांब

मुलगी जाऊ नये असं वितोमिरला वाटत होतं. ते तोंडानं म्हणायची लाज वाटत होती, म्हणून त्यानं खांब उंच करायला घेतला.

रिवाज साधा होता. वधूच्या अंगणात खांब उभारायचा, टोकाला सफरचंद खोचायचं आणि नवऱ्यानं ते बंदुकीनं पाडायचं. पडलं की मुलगी त्याची. न पडल्यास काय, हे शुमादियाच्या मुलखात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण इतका खुळा सासरा आजवर निपजला नव्हता. पण होणारा जावई ओग्न्येन याचा बाप शिकारी निघाला, म्हणजे पोराचाही नेम पक्का असणार, आणि वितोमिरची झोप उडाली. बायको गेल्यापासून घरात तो आणि नेवेना, दोघंच. सरपण कापायच्या दुहेरी करवतीचं दुसरं टोक तीच धरायची. लग्नानंतर ती पार परदेशात, लिंट्झला जाणार होती.

देवदाराच्या बुंध्यावर त्यानं विहिरीचा जुना पाइप आवळला. तो पुरेना, म्हणून फाटकाचा पाइप आणला.

"वेल्डिंगच्या रॉडनं जोड," शेजारचा मिलादिन म्हणाला. "पाइप जाड, वर गंज, त्यात हा वारा. रॉडला कशाचंच काही वाटत नाही."

त्यानं जोडून दिला. तेवढ्यात वितोमिर गाडीखाली शिरला आणि सायलेन्सरचा अख्खा पाइप काढून बाहेर आला.

"याला रॉड लावलास तर चाळण होईल!" पलीकडचा झिवान ओरडला. "पापुद्र्याएवढा पत्रा आहे. गाडीच्या कामाला सीओटू वेल्डिंगच पाहिजे. तार आपोआप येते, वर गॅसचं पांघरूण."

"वाऱ्यात तुझं पांघरूण उडून बेलग्रेडला जाईल," मिलादिन म्हणाला.

मग जेवणाच्या टेबलांवरची कापडं आणली आणि चार मावश्या ती आडोसा म्हणून धरून उभ्या राहिल्या. गाडीचा सायलेन्सर खांबावर का चढतोय, असं मात्र एकानंही विचारलं नाही. या गावात कसं जोडायचं यावर माणसं हाणामारीवर येतात, का जोडायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही.

शेंड्याला टीव्हीचा मोडका अँटेना हवा होता. तो अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून पाद्री गेरासिमला बोलावलं. चर्चमधली तबकं सांधायला त्यानं आर्गॉन वेल्डिंगचं मशीन घेतलं होतं आणि तेव्हापासून त्याची प्रवचनं आखूड झाली होती.

"अँटेना सांधून देतो," तो म्हणाला. "पण लोखंडाला तो चिकटायचा नाही. माझ्या मशीननं नाही आणि प्रार्थनेनंही नाही. नटबोल्ट लाव, बाळा."

दुसऱ्या दिवशी कर्णेवाल्यांसह वरात आली. ओग्न्येननं मान वर केली, आणखी वर केली, टोपी पडली.

"सासरेबुवा, सफरचंद कुठंय?"

"वर."

"वर कुठं?"

"बघ नीट. तरुण डोळे आहेत ना तुझे?"

तो गोळ्या झाडत राहिला. पाहुण्यांनी सूप संपवलं, मग कोबीचे रोल संपवले. शेवटी एक करकोचा येऊन सफरचंदाशेजारी ऐसपैस बसला. करकोचा म्हणजे घराचा शुभशकुन, त्याच्यावर गोळी कोण झाडणार? ओग्न्येननं बंदूक खाली ठेवली.

वितोमिर जिंकला होता. त्यानं खिडकीकडे पाहिलं. नेवेना रागावली असती तर बरं झालं असतं. ती लहानपणीसारखी तळहातानं डोळे पुसत होती. तो खांबाकडे वळून ओरडला.

"पाडा रे हा खांब!"

"माझा जोड तुटेल होय?" मिलादिन चिडला. "बैल लटकव त्याला."

"माझा तुटला तर मिशी काढीन," झिवान म्हणाला.

आता कटर लावायचा की गॅसनं कापायचं, यावर दोघांची जुंपली. एवढ्यात ओढणी कमरेला खोचून नेवेना करवत ओढत आली.

"बाबा, खाली लाकूडच आहे ना? धरा ते टोक."

दरवर्षी हिवाळ्याआधी कापायचे तसे दोघं समोरासमोर बसले.

"चुकलो गं," तो म्हणाला.

"ओढा, बाबा."

करकोचा उडाला. खांब कोंबड्यांच्या खुराड्यावर पडला. खुराडं सपाट झालं, जोड एकही तुटला नाही. सफरचंद घरंगळत ओग्न्येनपुढे आलं. त्यानं बंदूक उचलून दोन हातांच्या अंतरावरून नेम धरला आणि चुकवला. वितोमिरनं बूट उचलून सफरचंदाचा चेंदा केला.

"लागला!" तो ओरडला. "सगळ्यांनी पाहिलं ना? लागला!"

"लागला, लागला!" मावश्या म्हणाल्या.

रिवाजाप्रमाणे वधूच्या बापानं घरी थांबायचं असतं. वरात निघाली, वितोमिर रिकाम्या अंगणात उभा राहिला. मग त्यानं गाडीची किल्ली शोधली.

नेवेना पुढच्या गाडीत बसली होती. टेकडी ओलांडताना मागून असा गडगडाट झाला की कर्णेवाल्यांचे सूर बुडाले आणि रस्त्याकडेच्या मेंढ्या पळाल्या.

"हे काय आलं?" ओग्न्येन दचकून म्हणाला.

नेवेनानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"बाबा येतायत," ती म्हणाली. "सायलेन्सर खांबावर राहिला ना."