बुवा वाकले

निरूपण संपून आख्यान सुरू होण्याआधी बुवांना हार घालायचा नि बुक्का लावायचा, हा मान आमच्या दाजीबानपेठेच्या देवळात बावीस वर्षं माझा होता. यंदाच्या उत्सवात पंचांनी तो वाटला. हार अप्पाजी घालणार, बुक्का मी लावणार.

अप्पाजी अळणावराकडचा. मजुरी सोडून मुलाकडे कमरीपेठेत राहायला आलेला. हार स्वतः गुंफतो, कीर्तन ऐकताना घळाघळा रडतो. माणूस वाईट नाही. पण पहिल्या दिवशी त्याने हार उचलला आणि बुवा वाकले. चांगले कमरेतून वाकले.

बावीस वर्षांत माझ्यापुढे बुवांची मान बोटभरही खाली आली नव्हती.

घरी पार्वतीला म्हटलं, "बघितलंस? त्याच्यापुढे वाकतात. माझ्यापुढे ताठ!"

"अहो, तो साडेचार फुटी, तुम्ही ताडमाड. तुमच्यापुढे वाकून बुवांनी करायचं काय?"

"मान दिल्याशिवाय कोणी वाकतं का?"

"सकाळी डोकं आपटू नये म्हणून चौकटीत वाकलात. चौकटीला मान दिलात होय?"

तिला हसू येत होतं. मला येईना. दिवसभर कापड मापणारा माणूस मी, माणसंही तशीच मापत आलोय: हा वरचा, तो जवळचा, तो अगदीच हलका. पाच दिवस ते वाकणं बघितलं नि पाच दिवस छातीत निखारा.

समाप्तीच्या दिवशी पंचांना म्हटलं, "बुवा मागच्यांना दिसत नाहीत. उंचावर उभे करू या." दुकानातल्या लाकडी चौक्या एकावर एक रचून मीच मंच केला. दोन फूट उंच. का केला, ते मला आणि विठ्ठलाला माहीत.

बुवांनी निरूपण फार गोड लावलं. "देव वर, देव वर म्हणता. अरे, देव विटेवर आहे आणि वीट जमिनीवर आहे!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मी खाली बघत राहिलो.

मग अप्पाजी हार घेऊन पुढे झाला. बुवा वाकले, अप्पाजीने टाचा उचलल्या, तरी हार फेट्याच्या तुऱ्यालाच अडकला. बायकांत खसखस पिकली. अप्पाजी माझ्याकडे वळला.

"कै मुट्टवल्दु अण्णा, हात पोचंना. तुमी उंच. तुमीच घाला."

त्याने हार सोडवून माझ्या हातात ठेवला. ओला, जड, जाईजुईचा. पहाटेपासून गुंफत बसला असणार, बोटांवर दोऱ्याचे वळ होते. डोळ्यांत राग नव्हता, संशयसुद्धा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हवं ते मिळालं होतं. बुवा सरळ उभे राहिले. माझा हात आरामात पोचत होता, त्यांना वाकायची गरजच नव्हती.

"बुवा," मी म्हटलं, "जरा खाली येता?"

बुवांनी एकवार मंचाकडे बघितलं, एकवार माझ्याकडे, आणि उतरले. मी हार अप्पाजीला परत दिला. बुवा वाकले. नेहमीसारखे, कमरेतून.

निखारा होताच. खोटं कशाला सांगू? म्हणून बुवांनी मान वर करायच्या आत मी घाईघाईने बुक्क्याचं बोट पुढे केलं. ते वाकणं अप्पाजीसाठी होतं. पण वाकलेलं कपाळ बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोटाखाली आलं.

"अण्णा," बुवा तसेच वाकून पुटपुटले, "बुक्का नाकाला लागला."