चार नंबरचा पाइप

"वरून सुगंध लावलाय," मी म्हणालो आणि पाइप टेबलावर ठेवला.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माल खपवायचं काम बघणाऱ्या विक्रीवाल्याने लगेच मान डोलावली. मी 'शेण आहे' म्हटलं असतं तरी त्याने तितक्याच जोरात डोलावली असती. टेबलाच्या पलीकडे माझे साडू हात मागे बांधून उभे होते. आमच्या कारखान्यात पाइपची तंबाखू मिसळायचं काम ते करतात आणि त्यांनी मिसळलेली ओढून निकाल द्यायचं काम मी. एकतीस वर्षं हेच चाललंय.

"मी काही लावलेलं नाही," साडू म्हणाले.

"मग माझी जीभ खोटं बोलते का?"

ते नेहमीच गप्प बसतात. माणसाने स्वतःच्या कामाची थोडी तरी बाजू घ्यावी, पण या गृहस्थांना तेवढंही जमत नाही. मी चिठ्ठी पुढे ओढली, 'चालणार नाही. सुगंध लावलेला' असं लिहिलं आणि त्यांच्या डब्यावर चिकटवली.

यात एवढं काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पाइप ओढणारे जगात पुष्कळ आहेत, पण ज्यांना त्यातलं काही कळतं असे मला आयुष्यात सात भेटले आणि त्यांतले चार वारले. तेव्हा सांगतो. इंग्लिश पद्धतीच्या मिश्रणात तीन पानं असतात. एक पिवळं, जात्याच गोडसर. एक बारीक पानाचं, जरा आंबूस. आणि तिसरं लटाकिया, लाकडाच्या धुरावर टांगून काळं केलेलं. या तिघांना एका डब्यात भांडू न देता नांदवणं एवढीच मिसळणाऱ्याची कामगिरी. वरून काहीही लावायचं नाही. लावलं तर ती लबाडी. हल्ली लोकांना तंबाखूत व्हॅनिला लागतं, चेरी लागते, चॉकलेट लागतं. अशा माणसांनी सरळ केक खावा, पेटवायचा कशाला?

साडू महिनाअखेर निवृत्त होणार होते. आयुष्यभर त्यांनी थोरल्या मालकांच्या वहीबरहुकूम मिश्रणं केली. स्वतःचं असं हे एकच, आणि त्यावर त्यांनी दोन वर्षं घालवली होती. मालकीणबाईंनी सांगितलं होतं की ते पसंत पडलं तर कारखान्याच्या यादीत जाईल आणि साडूंच्या मागेही बनत राहील. नाही पडलं तर इंग्लिश प्रकारच बंद करून त्या जागी विक्रीवाल्याचं व्हॅनिला येईल. विक्रीवाल्याने बाहेरून आणखी तीन नमुने मागवले होते, उगाच निवड केल्यासारखं दिसावं म्हणून. ते तिन्ही ओल्या पुठ्ठ्यासारखे लागले. चौथा डबा साडूंचा. डब्यांवर फक्त नंबर असतात, पण साडूंनी कापलेलं पान मी झोपेतही ओळखेन.

एकतीस वर्षांत मी त्यांच्या डब्यांवर लिहिलेला सगळ्यात चांगला शब्द म्हणजे 'चालेल'. त्यापुढे मी कधी गेलो नाही, कारण त्यापुढे माणूस शेफारतो. आणि खोटं कशाला बोलू, त्या सकाळी 'चालणार नाही' लिहिताना मला आतून बरं वाटलं. बरोबर पकडलं, असं वाटलं. सभ्य चेहऱ्याआड सुगंधाची बाटली लपवली होती तर!

सगळे गेल्यावर मी चव घ्यायच्या खोलीत एकटा राहिलो. या खोलीत साबणालाही मज्जाव आहे. एक टेबल, कोमट पाण्याचा तांब्या, तोंड साफ करायला कोरा पाव आणि सहा खाचांच्या स्टँडवर सहा पाइप. सहाही एकाच घडणीचे, दांड्यांवर मी सुरीच्या टोकाने नंबर कोरलेले. पहिल्या नमुन्याला पहिला पाइप, दुसऱ्याला दुसरा. लाकूड वास धरतं. एका पाइपात दोन जातींची तंबाखू ओढणारा माणूस माझ्या मते चहाच्या कपात ब्रश धुणाऱ्यातला. म्हणून ते पाइप साफ करायला मी कुणाच्या हाती दिले नाहीत. दर शनिवारी पिशवीत भरून घरी नेतो आणि स्वतः घासतो.

साडूंनी नेमकं कोणतं पान बाटवलं ते मला शोधायचं होतं. उद्या ते पुन्हा 'मी काही लावलेलं नाही' म्हणाले असते तर पान समोर ठेवून दाखवता आलं असतं. गोदामातून न उघडलेल्या गाठीतलं पिवळं पान मी स्वतः काढून आणलं, चुरलं, आणि चव तीच पकडायची म्हणून तोच चार नंबरचा पाइप भरला. एकदा पेटवून विझू दिला, पुन्हा पेटवला. तिसऱ्या झुरक्याला तोच वास. गोड, चिकट, मागून हळूच येणारा. मग काळं पान भरलं. तेच.

गाठ तर मी माझ्या हाताने फोडली होती.

मी राख झटकली आणि रिकामा पाइप नाकाशी धरला.

बायकोचं आजारपण साडेतीन महिने चाललं. शेवटी शेवटी तिला कशाचीच चव लागत नव्हती, पण वास यायचे. माझ्या तंबाखूला ती लग्नापासून 'जळकं घोंगडं' म्हणायची. एक दिवस म्हणाली, "आयुष्यभर घोंगडं सोसलं. आता ते गोड वासाचं ओढा ना थोडे दिवस." मी म्हणालो, त्यापेक्षा मी उदबत्ती लावतो. ती म्हणाली, उदबत्ती माझ्याजवळ बसत नाही.

मग मी तीन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून, जिथे मला कुणी ओळखत नाही, व्हॅनिलाचं पाकीट आणलं. दुकानदाराने 'नवीन शौक वाटतं' असं विचारलं तेव्हा मला भूमी पोटात घेईल तर बरं, असं झालं. रोज संध्याकाळी तिच्या खाटेजवळ खिडकी उघडून बसायचो आणि ते भिकार पाकीट ओढायचो. ती डोळे मिटून म्हणायची, "बघा, आता कसं माणसांच्या घरासारखं वाटतं." तिच्या बहिणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, एकदा ते पाहिलं. मी नजर चुकवली. त्यासाठी मी कुठला पाइप घेतला होता? पिशवीत हाताला लागला तो, कमी वापरातला. कारण कारखान्यात चौथा नमुना वर्षातून एखाददाच येतो. ती गेल्यावर आठवड्याने मी कामावर आलो तेव्हा घरातले सगळे पाइप पिशवीत कोंबले आणि आणून स्टँडवर लावले. डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यानंतर वर्षभर चौथा नमुना आलाच नाही.

नियम माझा, पाइप माझा आणि गाढवपणाही माझाच.

पाच नंबरचा पाइप त्या दिवशी वापरलाच नव्हता. त्यात साडूंचं मिश्रण भरलं आणि सावकाश ओढलं. काळं पान पुढे येऊन दादागिरी करत नव्हतं. पिवळं हळूहळू वर येत होतं. शेवटच्या तिसऱ्या भागात, जिथे भलीभली मिश्रणं कडू होतात, तिथे ते आणखी शांत झालं. इतकं चांगलं काही मी कित्येक वर्षांत ओढलं नव्हतं. आणि ते बनवणाऱ्या माणसाला मी सकाळी मालकीणबाईंसमोर लबाड ठरवलं होतं. मला लाज वाटली.

सुटायला वाटा होत्या. साफसफाईवर ढकलता आलं असतं. नुसतं 'पुन्हा तपासलं, ठीक वाटतं' असंही लिहिता आलं असतं. पण मग साडूंच्या नावावर तो डाग अर्धामुर्धा राहिलाच असता, आणि अर्धामुर्धा निकाल देणाऱ्यांबद्दल माझं मत सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांनाही खोलीत बोलावलं. निकाल चुकला, मिश्रण शुद्ध आहे, सुगंध माझ्या पाइपात होता, असं सांगितलं. मालकीणबाईंनी विचारलं, कारखान्याच्या पाइपात व्हॅनिला कुठून आलं?

"मी ओढत होतो. घरी. महिनाभर."

विक्रीवाल्याला हसू आवरेना. "तुम्ही? म्हणजे इतकी वर्षं आम्हाला शिव्या घालून घरी आमचाच माल?"

या इसमाला उत्तर द्यायची माझ्यावर कधी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. खरं कारण मला सांगायचं नव्हतं. त्याच्यासमोर तर मुळीच नाही.

"ताईंना तो वास आवडायचा," साडू म्हणाले. "शेवटी शेवटी. आमच्या घरी माहीत होतं."

विक्रीवाल्याने हसणं गिळलं. मालकीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. एकतीस वर्षांत या माणसाने स्वतःसाठी कधी एक वाक्य धड उच्चारलं नाही, आणि माझ्यासाठी तीन बोलला.

मी डब्यावरची चिठ्ठी खरवडून काढली आणि नवीन लिहायला घेतली. 'उत्तम' असं लिहीत होतो. साडू वाकून बघत होते. ते हळूच म्हणाले, "'चालेल' लिहा."

"का?"

"तुमच्या 'चालेल'च्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे, सगळ्याच्या सगळ्या. बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात. त्यात 'उत्तम' वेगळं दिसेल."

मी 'उत्तम' खोडलं आणि 'चालेल' लिहिलं. खाली सही केली, ती मी कधी करत नाही. त्यांनी चिठ्ठी वाळेपर्यंत फुंकली. मालकीणबाईंनी त्यांचं मिश्रण यादीत घातलं आणि विक्रीवाला व्हॅनिलाचे कागद गोळा करून निघून गेला.

बाटलेला पाइप साफ करायची माझी रीत ठरलेली आहे. पाइपची वाटी मिठाने भरायची, वर स्पिरिट ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी मीठ तपकिरी होतं आणि लाकूड कोरं. दुपारी मी मिठाची बरणी काढली, स्पिरिटची बाटली काढली आणि चार नंबर हातात घेतला. वाटी पुन्हा एकदा नाकाशी धरली. मग बरणीचं झाकण लावलं, नोंदवहीत 'चार नंबर बाद' असं लिहिलं आणि पाइप कोटाच्या आतल्या खिशात टाकला.

शनिवारी विक्रीवाला काहीतरी विचारायला आला. स्टँडवरच्या रिकाम्या खाचेकडे बोट दाखवून म्हणाला, त्याच घडणीचा नवा मागवू का?

"नको," मी म्हणालो. "पाच पुरतात."